पडणाऱ्याला मत

आमच्या बोरी बुद्रुकचं नाव बाहेर निघतं ते राखेमुळे. कुकडीच्या काठाला ज्वालामुखीच्या राखेचा एक थर आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिथं आदिमानवाची दगडी हत्यारं शोधली. ही राख पार सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून उडून आली असं सांगतात, आणि ती नेमकी किती जुनी यावर त्या विद्वानांचं अजून एकमत नाही. गावाला त्याचं फारसं सोयरसुतक नाही. गावातली भांडणं कांद्याची, पाण्याची आणि मतांची. त्यातली कांद्याची आणि मतांची मला जवळून ठाऊक आहेत, कारण आमच्या घरात ती एकत्रच नांदली.

मी जुनी अकरावी झालेली. लग्न होऊन इथं आले तेव्हा मामंजी ओसरीवर बसून पेपर वाचायचे आणि वाचता वाचता सरकारला शिव्या घालायचे. नागपूरच्या अधिवेशनातली गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. १९५९ साली नागपूरला काँग्रेसनं सहकारी शेतीचा ठराव केला. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून कसायच्या, असा त्याचा गावोगाव लावला गेलेला अर्थ. सात-बारा आपला राहणार की नाही, या धास्तीनं तेव्हा माणसं झोपली नाहीत, असं मामंजी म्हणत. त्याच वर्षी राजाजी, मिनू मसानी आणि प्राध्यापक रंगा यांनी स्वतंत्र पक्ष काढला. ‘परमिट-लायसन्स राज’ हा राजाजींचाच शब्द. माणसानं काय पिकवावं, कुठं विकावं, कोणता कारखाना काढावा, यात सरकारनं लुडबुड करू नये, एवढंच त्या पक्षाचं म्हणणं. १९६२ ला लोकसभेत त्यांचे १८ खासदार आले, १९६७ ला ४४. शेजारच्या गुजरातेत तो काँग्रेससमोरचा मुख्य पक्ष होता.

महाराष्ट्रात मात्र त्याला कुणी विचारलं नाही. माझ्या मते कारण सरळ आहे. तो पक्ष राजेरजवाड्यांचा आणि मुंबईच्या शेटजींचा दिसत होता. आणि इथला शेतकरी यशवंतराव चव्हाणांच्या काळात सोसायटी, संघ, बँक, कारखाना अशा साखळीत बांधला गेला होता. पीककर्ज सोसायटीचं, ऊस कारखान्याचा, आणि दोन्हींवर माणसं एकाच पक्षाची. मत दुसरीकडं टाकायचं म्हणजे कर्जाच्या अर्जावरची सही अडायची. काँग्रेसवर चिडलेल्याला शेतकरी कामगार पक्ष होता, पण तोही सरकारच्या हातात आणखी द्या म्हणणारा. सरकारचा हात आखडा म्हणणारा कुणीच नव्हता. १९७१ ला स्वतंत्र पक्ष ८ खासदारांवर आला आणि १९७४ मध्ये चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विरघळून गेला. मामंजी म्हणायचे, बरा विचार चुकीच्या कपड्यात आला.

तो विचार अंगात कुडता घालून आला आमच्याच रस्त्यावर. बर्नला जागतिक टपाल संघटनेत मोठ्या पगारावर असलेले शरद जोशी नोकरी सोडून आले आणि त्यांनी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. स्वतः पिकवून, जमाखर्च मांडून बघितला आणि त्यांच्या ध्यानात आलं की शेती तोट्यात जाते ती शेतकऱ्याच्या आळसानं किंवा अज्ञानानं नाही, ती तोट्यात राहावी अशी धोरणंच आहेत. ९ ऑगस्ट १९७९ ला चाकणला शेतकरी संघटनेची पाटी लागली. जानेवारी १९८० मध्ये भामनेरच्या खोऱ्यातली माणसं, बायकापोरांसकट, रस्त्यासाठी तिथल्या वांद्रे गावापासून चाकणपर्यंत चौसष्ट किलोमीटर चालत आली. मार्चमध्ये कांदा मातीमोल झाला, तेव्हा जोशी चाकणच्या बाजार आवारात उपोषणाला बसले आणि पुणे-नाशिक रस्ता बंद पडला.

तो रस्ता आमचाही. आळेफाट्यावरून, नारायणगाववरून, मंचरवरून तो चाकणला जातो. आमचे हे त्या गर्दीत होते आणि परत आले ते छातीवर संघटनेचा लाल बिल्ला लावून. बिल्ला बघून मामंजींनी पहिल्यांदाच पोराच्या राजकारणाला नाक मुरडलं नाही.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी संघटनेचे जुने लोक जरा दाबून सांगतात. १९८० ला आमची मागणी काय होती? सरकारसाठी खरेदी करणाऱ्या नाफेडनं कांदा घ्यावा आणि रास्त भाव द्यावा. म्हणजे सरकारनं बाजारात उतरावं. आणि पुढं दहा-बारा वर्षांनी, जागतिक व्यापार कराराच्या डंकेल प्रस्तावाच्या वेळी, तेच जोशी सांगायला लागले की सरकारनं बाजारातून उठावं, खुला व्यापार येऊ द्यावा. उत्तरेत टिकैत आणि कर्नाटकात नंजुंडस्वामी डंकेलच्या विरोधात उभे होते, तेव्हा हा मोठा शेतकरी नेता बाजूनं बोलत होता. लोक म्हणाले, पलटी मारली. मला तसं वाटत नाही. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेतच ते पहिल्यापासून होतं. भाव पाडण्यासाठी सरकार निर्यात बंद करतं, बाहेरून माल आणतं, मग जे पाडलं त्यातलं थोडं नाफेडनं भरून द्यावं, हा १९८० चा हिशेब. पाडूच नका, हा पुढचा. सरकारनंच जागतिक व्यापाराच्या बोलण्यांमध्ये मांडलेल्या आकड्यांवरून जोशींनी दाखवून दिलं की भारतातल्या शेतकऱ्याला मिळणारी सबसिडी उणे आहे, म्हणजे देण्यापेक्षा काढून घेणं जास्त. पण खरं सांगायचं तर आमच्या वस्तीवर निम्म्या लोकांना पहिला हिशेब कळला होता आणि आजही तेवढाच कळतो. भाव पडला की नाफेड आठवतं, चढला की सरकार नको होतं.

माझं स्वतःचं संघटनेतलं खातं चांदवडपासून सुरू होतं. नोव्हेंबर १९८६, शेतकरी महिलांचं अधिवेशन. आमच्या बाजूच्याही बायका ट्रकमध्ये बसून गेल्या. भाकरी, चटणी, कांदा फडक्यात. रेणुकेचं दर्शन म्हणून घरातून निघालेल्या काहीजणी होत्या, कारण सभेला जाते म्हटलं असतं तर कोण सोडणार? लाखांनी बाया त्या मैदानात बसलेल्या मी पाहिल्या आहेत. पाण्याचे हाल, निजायला जमीन. पण व्यासपीठावरून कुणी आम्हाला हळदीकुंकवाचं बोललं नाही, भावाचं आणि जमिनीचं बोललं. तिथंच ठरलं की पंचायतीच्या निवडणुका संघटना सगळ्या जागांवर बायका उभ्या करून लढवील. सरकारनं त्या निवडणुकाच पुढं ढकलल्या. नंतर यवतमाळकडं मेटीखेडा, जळगावकडं विटनेर अशा गावांनी पूर्ण बायकांच्या पंचायती निवडून दाखवल्या, आणि तेव्हा कुठला कायदा त्यांच्या पाठीशी नव्हता.

त्यामागून लक्ष्मीमुक्ती आली. ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या जमिनीतला तुकडा बायकोच्या नावावर करतील, त्या गावाचा सन्मान. आमच्या गावात शंभर कसले होतात! पण ह्यांनी विहिरीकडचं अर्धा एकर माझ्या नावावर केलं. तलाठ्यानं विचारलं, काही भानगड आहे का घरात? सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी.

आता मतांकडं येते. सुरुवातीला जोशी सभेत सांगायचे की आम्ही मतं मागायला आलो तर जोड्यानं मारा. आम्हाला ते फार आवडायचं. मग १९९० ला संघटनेची माणसं जनता दलाच्या चिन्हावर विधानसभेत गेली, त्यातले मोरेश्वर टेमुर्डे उपाध्यक्ष झाले. आणि १९९४ ला जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. नावात मुद्दाम राजाजींची आठवण ठेवली होती. मामंजी तेव्हा असते तर हसले असते. त्या पक्षाची गंमत अशी की १९८९ पासून देशात कुठलाही पक्ष नोंदवायचा तर समाजवादावर निष्ठा आहे असं लिहून द्यावं लागतं. समाजवाद नको म्हणणाऱ्या पक्षालाही. लोकशाहीत एवढी विनोदी अट दुसरी नसेल. जोशींनी पुढं राज्यसभेत ती काढून टाकायचं खासगी विधेयक मांडलं. खासगी विधेयकांचं जे होतं तेच त्याचं झालं.

मतपेटीत पक्षाचं काही चाललं नाही. जोशी स्वतः विधानसभेवर किंवा लोकसभेवर कधीच निवडून आले नाहीत. २००४ ला सगळ्या महाराष्ट्रातून एक आमदार, राजुऱ्याचे वामनराव चटप. त्याच वर्षी जोशी राज्यसभेवर गेले ते सेना-भाजपच्या मतांवर. माझ्या पोटात तेव्हा दुखलं होतं. तिसऱ्याला मत द्या असं आम्हाला सांगून स्वतः दुसऱ्याच्या दारानं आत जायचं, याचं मी अजून समर्थन करत नाही. राजू शेट्टी त्याच सुमाराला संघटनेतून बाहेर पडले, स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली, २००४ ला शिरोळमधून अपक्ष आमदार आणि २००९ ला हातकणंगल्यातून खासदार झाले. पण त्यांच्याकडं ऊस होता. उसाचा शेतकरी एका कारखान्याभोवती गोळा असतो, एकाच वेळी चिडतो, एकाच वेळी मत देतो. कांद्याचा शेतकरी विखुरलेला. आज ओतूरला दहा किलोला चांगला भाव मिळाला तर उद्या त्याचा राग गेलेला असतो.

राज्यसभेतला तो दिवस मात्र वेगळा. ९ मार्च २०१०, महिला आरक्षणाचं विधेयक, बाजूनं १८६ मतं आणि विरोधात एक. ते एक शरद जोशींचं. चांदवडला लाखो बायका जमवणारा माणूस एकटा विरोधात. वस्तीवरच्या पोरी मला विचारायला आल्या, आजी, तुमचे साहेब असे कसे? त्यांचा आक्षेप चिठ्ठी टाकून फिरत राहणाऱ्या राखीव मतदारसंघांना होता, हे मी त्यांना सांगितलं. तरी मला स्वतःला ते मत पटलं नाही. आमच्या ग्रामपंचायतीत बायका बसल्या त्या आरक्षणानं, मेटीखेड्यासारख्या हिमतीवर नाही. पण टाळ्या मिळत असताना, सगळं सभागृह एका बाजूला असताना, विरोधात मत देऊन एकटं उभं राहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पटलं नाही आणि अभिमान वाटला, दोन्ही खरं.

अमेरिकेत या विचाराचा पक्ष १९७१ पासून आहे, लिबर्टेरियन म्हणतात त्याला. १९८० ला, म्हणजे चाकणच्याच साली, अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांना शंभरात एक मत मिळालं. २०१६ ला तीन-साडेतीन. तिथंही मत वाया घालवू नका असं लोक सांगतात. ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून, बाकीच्यांची शून्य, अशी पद्धत जिथं आहे तिथं तिसऱ्याचं हेच होतं. आपल्याकडं तर एक षष्ठांश मतं नाही पडली की डिपॉझिट जप्त, आणि वर ‘मतं खाल्ली’ हा ठपका.

आमचा जुन्नर तालुका त्याला थोडा अपवाद. २०१४ ला सबंध महाराष्ट्रात मनसेचा एकच आमदार आला, तो इथून, शरद सोनवणे. २०१९ ला ते शिवसेनेकडून उभे राहिले आणि पडले. २०२४ ला अपक्ष उभे राहिले आणि दोन मोठ्या आघाड्यांचे उमेदवार समोर असताना निवडून आले. तेव्हा तिसऱ्याला मत देणं इथं कुणाला पाप वाटत नाही. पण ती मतं माणसाला होती. त्यात निर्यातबंदी उठवा, आवश्यक वस्तूंच्या यादीतून कांदा काढा, असं काही कुणी वाचू नये. माणसाला दिलेलं मत पाच वर्षांनी संपतं.

निर्यातीचं मत आम्ही मे २०२४ मध्ये दिलं, लोकसभेला. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात सरळ निर्यातबंदी, आणि ती उठवली ४ मे ला. शिरूर मतदारसंघाचं मतदान १३ मे ला. नऊ दिवस आधी! त्यात उठवली तीही शुल्क ठेवून आणि किमान निर्यातमूल्य लावून. शुल्क पुरतं गेलं १ एप्रिल २०२५ ला. इथं दोनच मोठे उमेदवार होते आणि लोकांनी राग एकावर काढला आणि मत दुसऱ्याला दिलं. पण निर्यातबंदी काय एकाच पक्षानं केली? १९८० च्या आधीपासून दिल्लीत जो बसला त्यानं केली. शहरातल्या भाजीचा भाव वाढला की सगळ्यांचा हात एकाच कळीवर जातो. म्हणून माझ्या दृष्टीनं वाया गेलेलं मत कुठलं, तर या दोघांमध्ये दर पाच वर्षांनी झोका घेणारं.

पडणाऱ्याला दिलेल्या मताचा उपयोग काय, असं मुलगा विचारतो. त्याला मी बूथची यादी दाखवते. मतमोजणीनंतर कुठल्या केंद्रावर कुणाला किती पडली, ते छापून येतं. मोठ्या पक्षांची माणसं ती यादी घेऊन बसतात. ज्या वस्तीवर सगळी मतं त्यांचीच, तिथं ते परत येत नाहीत, पुढच्या निवडणुकीतही ती त्यांचीच धरलेली असतात. ज्या वस्तीवर सगळी समोरच्याची, तिथंही येत नाहीत. जिथं चाळीस-पन्नास मतं भलत्याच नावावर पडलेली दिसतात, तिथं गाडी थांबते. स्वतंत्र पक्ष संपला तरी परमिट राज हा शब्द काँग्रेसवाल्यांनाच पुढं गिळावा लागला आणि १९९१ ला निम्मी परमिटं त्यांनीच मोडली. शेतीतली तेवढी राहिली.

गेल्या वेळी तशी एक गाडी आमच्या वस्तीवर आली होती. पोरगा ओळखीचा, आळेफाट्याला आडतीवर असतो. म्हणाला, मावशी, इथली मतं कुठं गेली? मी त्याला वखारीपाशी नेलं, कांदा अजून भरलेलाच होता, आणि म्हटलं, निर्यातबंदी पुन्हा लावणार नाही असं तुमच्या पक्षाच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी आण, मग मतं कुठं आहेत ते सांगते. चहा घेऊन गेला. कागद अजून आणलेला नाही.