वेदस्वर आणि मुद्राक्षर

वृत्रासुराची कथा आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. इंद्राचा घात करणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्यानें यज्ञ मांडला. परंतु ‘इन्द्रशत्रु’ या शब्दांतील उदात्त स्वर अंत्य अक्षराऐवजीं आद्य अक्षरावर पडला, समास पालटला, आणि इंद्राला मारणारा नव्हे तर इंद्राच्या हातून मरणारा पुत्र जन्मास आला. एका स्वराची किंमत एवढी! मग तो स्वर कागदावर उतरवितांना किती दक्षता हवी?

मॅक्समुल्लर यांनीं १८४९ ते १८७४ या काळांत सायणभाष्यासह ऋग्वेद सहा खंडांत छापविला. पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळानें १९३३ पासून त्याच भाष्याची चिकित्सक आवृत्ति काढिली. शिशाच्या खिळ्यांत अक्षराखालीं आडवी व माथ्यावर उभी रेघ बसविणें ही जुळाऱ्याच्या धैर्याची कसोटीच होती.

आतां खिळे गेले, संगणक आला. १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड संकेतावलीनें या रेघांस क्रमांक दिले. पण नांव देतांना घोटाळा झाला. ऋग्वेदाच्या रूढ लेखनांत आडवी रेघ अनुदात्ताची व उभी रेघ स्वरिताची. उदात्तास खूणच नसते. संकेतावलींत मात्र उभ्या रेघेचें नांव ‘उदात्त’ असें पडलें, आणि एकदां दिलेलें नांव बदलावयाचें नाहीं हा तिचा नियम! पुढें २००९ सालीं ५.२ या आवृत्तींत वैदिक चिन्हांसाठीं निराळा विभाग आला, व सामवेदांत अक्षरांच्या माथ्यावर लिहिल्या जाणाऱ्या अंकांचीही सोय झाली.

तथापि क्रमांक मिळाला म्हणजे आकृति मिळाली असें नव्हे. ती टंकानें पुरवावयाची असते. मुंबईच्या आय. आय. टी.मध्यें सिद्ध झालेल्या ‘शोभिका’ टंकांत १६०० हून अधिक देवनागरी आकृति, त्यांत ११०० हून अधिक जोडाक्षरें, आणि वैदिक स्वरचिन्हेंही आहेत. असा टंक निवडतांना केवळ वळणाच्या देखणेपणावर भुलूं नये. रफार, मात्रा व स्वरितरेघ एकाच अक्षरावर येईल असा शब्द लिहून पाहावा. रेघ मात्रेवर आदळली, किंवा तिच्याजागीं रिकामें वर्तुळ वा चौकोन उमटला, तर तो टंक पत्रलेखनास ठेवावा, वेदास नको.

मुखपाठानें हा स्वर हजारों वर्षें सांभाळला. त्वष्ट्याची चूक जिभेची होती. आमच्या हातून ती बोटांची होऊं नये, एवढेंच.