‘सुपर मारिओ ब्रदर्स’ : उडीचे शास्त्र आणि इतिहासाचे साधन

फळ्या, विटा व खड्डे यांवरून उड्या घेत पुढे जाण्याच्या व्हिडिओ गेमना ‘प्लॅटफॉर्म गेम’ अशी संज्ञा आहे. निन्टेन्डो या जपानी कंपनीने सप्टेंबर १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा या प्रकारातील अभिजात खेळ होय. त्याच्या श्रेष्ठत्वाचे कारण पुष्कळदा यंत्राच्या मर्यादांत शोधले जाते. संपूर्ण खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत बसविलेला आहे. ढग व झुडपे यांची आकृती एकच असून रंग तेवढा निराळा आहे. परंतु अशा मर्यादा समकालीन सामान्य खेळांनाही होत्याच. तेव्हा काटकसर ही या श्रेष्ठत्वाची पार्श्वभूमी होय, कारण नव्हे.

खरे कारण उडीच्या स्वरूपात आहे. शिगेरू मियामोतो यांच्याच १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये उडी एकदा घेतली की तिची दिशा बदलता येत नसे, आणि थोड्या उंचीवरून पडणेही प्राणघातक ठरे. मियामोतो व ताकाशी तेझुका यांच्या १९८५ च्या खेळात मात्र कळ जितका वेळ दाबावी तितकी उडी उंच जाते, धावण्याने ती वाढते आणि हवेतही तिला वळण देता येते. त्यामुळे चूक सुधारण्यास वाव मिळतो. आणि तरीही अपयश आले, तर ते आपलेच आहे हे खेळणारा मान्य करतो.

पहिल्या टप्प्याची रचना याच उडीचे शिक्षण देते. प्रथम दोन पायऱ्यांच्या राशींमध्ये सपाट जमीन आहे. पुढे तशाच राशींमध्ये खोल खड्डा आहे. निर्धोक सराव आधी, परीक्षा नंतर, असा हा क्रम असून त्यासाठी एकही सूचना लिहिलेली नाही. पुढील टप्पे धरून एकूण ३२ टप्प्यांत हीच उडी अधिकाधिक कठीण प्रसंगी कसास लागते.

यावरून अभ्यासाच्या पद्धतीविषयी एक निष्कर्ष निघतो. केवळ चित्रे आणि खपाचे आकडे जपल्याने असा खेळ जपला जात नाही. नव्या यंत्रावर कळ आणि उडी यांत क्षणाचा विलंब शिरला, तरी मूळ गुण झाकोळतो. म्हणून मूळ यंत्रावर, हाती कळ घेऊन केलेले वाचन हेच या इतिहासाचे प्रथम साधन मानले पाहिजे.