शिपायाची चूक आणि सरकारची जबाबदारी

राजाच्या हातून चूक होऊं शकत नाहीं, असें इंग्रजी कायद्यांतील एक जुनें वचन आहे. त्याचा व्यावहारिक अर्थ एवढाच, कीं राजाच्या न्यायालयांत राजावर दावा लावतां येत नसे. पण या वचनाची दुसरी बाजूहि इंग्रज न्यायाधीशांनीं तितक्याच कठोरपणें सांभाळली होती. राजा चुकत नाहीं, तेव्हां जी चूक झाली ती राजाच्या सेवकाची. आणि वरून हुकूम होता, ही सबब त्याला पुढें करतां यावयाची नाहीं. १७६२ मध्यें एका मंत्र्याच्या हुकुमावरून चार राजसेवक लंडनमधील जॉन एंटिक या लेखकाच्या घरांत शिरले आणि चार तास झडती घेऊन त्याचे कागदपत्र घेऊन गेले. एंटिकनें त्या चौघांवर दावा केला. असा हुकूम देण्याचा अधिकार मंत्र्याला कोणत्याहि कायद्यानें दिलेला नाहीं, असा निर्णय १७६५ मध्यें सरन्यायाधीश लॉर्ड कॅम्डेन यांनीं दिला, आणि एंटिकला तीनशें पौंडांची भरपाई मिळाली.

तत्त्व थोर खरें. पण प्रत्येक शिपायाला त्याचें ओझें पेलेल असें नव्हतें. मॅजिस्ट्रेटनें वॉरंट द्यावें, शिपायानें तें बजावावें, आणि वॉरंट चुकीचें ठरल्यास घरदार मात्र शिपायाचें विकलें जावें, हा कोठला न्याय? म्हणून १७५० मध्येंच पार्लमेंटनें कायदा करून वॉरंटाप्रमाणें वागणाऱ्या शिपायाला संरक्षण दिलें होतें. मात्र त्या कायद्यानें पीडिताचा मार्ग बंद केला नाहीं. शिपाई सुटला तरी वॉरंट काढणारा मॅजिस्ट्रेट उत्तरदायी राहिला. एकाला संरक्षण द्यावयाचें तर दुसऱ्यानें जबाबदारी घेतली पाहिजे, हा त्यांतील धडा.

हिंदुस्थानांत या प्रश्नाला वेगळें वळण लागलें, आणि योगायोग असा, कीं त्याचीं दोन्ही टोकें १८६१ या एकाच सालांत सांपडतात. त्या वर्षीं पोलिसांचा कायदा झाला. त्याच्या बेचाळिसाव्या कलमान्वयें, पोलिसांच्या कृत्याबद्दल दावा लावावयाचा तर तो तीन महिन्यांच्या आंत लावावा व त्यापूर्वीं एक महिना लेखी नोटीस द्यावी, असें ठरलें. म्हणजे शिपायावर दावा लावण्याची वाट उघडी होती, पण अरुंद होती.

त्याच वर्षीं कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टापुढें एका घोड्याचें प्रकरण आलें. खिदिरपूरच्या सरकारी गोदींत मजूर लोखंडाचा एक अवजड भाग वाहून नेत होते. समोरून पी. अँड ओ. या आगबोट कंपनीची गाडी आली. गडबडीनें मजुरांनीं लोखंड खालीं टाकलें. त्याच्या आवाजानें घोडा बुजला व जखमी झाला. कंपनीनें साडेतीनशें रुपयांची मागणी केली. सरन्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनीं ती मान्य केली. ईस्ट इंडिया कंपनी व्यापारहि करीत असे व राज्यहि करीत असे. खासगी व्यापाऱ्याला करतां येण्यासारख्या कामांत तिच्या नोकरांनीं हयगय केली तर ती जबाबदार होती, आणि १८५८ च्या कायद्यानें तीच जबाबदारी तिच्या जागीं आलेल्या सरकारवर आली आहे, असें त्यांनीं सांगितलें. परंतु जें काम केवळ राजसत्तेलाच करतां येतें, त्याबद्दल असा दावा चालणार नाहीं, असा भेदहि त्याच निकालांत केलेला होता. गोदींतील मजुराची हयगय सरकारच्या अंगाला लागे. अटक करणाऱ्या शिपायाची लागत नसे.

कंपनी गेली, राणीचें राज्य आलें. १९१५ व १९३५ चे कायदे झाले. शेवटीं १९५० मध्यें स्वतंत्र भारताची राज्यघटना अंमलांत आली. तिच्या ३०० व्या अनुच्छेदानेंहि, संसद किंवा विधिमंडळ वेगळा कायदा करीपर्यंत, सरकारवर पूर्वीं जसे दावे लावतां येत तसेच लावतां येतील, एवढेंच म्हटलें. या एका वाक्याची किंमत काय, तें मेरठच्या खटल्यानें दाखवून दिलें.

अमृतसरच्या एका सराफी पेढीचा भागीदार २० सप्टेंबर १९४७ रोजीं मध्यरात्रीच्या सुमारास सोनें-चांदी विकण्यासाठीं मेरठ येथें उतरला. फाळणीच्या धामधुमीचे ते दिवस. माल चोरीचा असावा, या संशयानें पोलिसांनीं त्याला बाजारांतून कोतवालींत नेलें. १०३ तोळ्यांहून अधिक सोनें व दोन मणांहून अधिक चांदी जप्त केली. दुसऱ्या दिवशीं तो जामिनावर सुटला. पुढें चांदी परत मिळाली. सोनें मिळालें नाहीं. तें ज्याच्या ताब्यांत होतें, तो हेड कॉन्स्टेबल सोन्याचा अपहार करून ऑक्टोबरांत पाकिस्तानांत निघून गेला होता. पेढीनें सरकारवर दावा केला. पहिल्या न्यायालयानें अकरा हजार रुपयांहून अधिक रकमेचा हुकूमनामा दिला. अलाहाबादच्या हायकोर्टानें तो फिरवला. आणि खटला सर्वोच्च न्यायालयापुढें आला. कायद्याच्या ग्रंथांत तो कस्तुरीलाल खटला या नांवानें प्रसिद्ध आहे.

२९ सप्टेंबर १९६४ रोजीं निकाल देणारे सरन्यायाधीश होते साताऱ्यास जन्मलेले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. पोलिसांनीं सोनें सांभाळण्यांत हयगय केली, हें न्यायालयानें स्पष्टपणें मान्य केलें. तरीहि पेढी हरली. अटक करणें, झडती घेणें, माल जप्त करणें हे राजसत्तेचे अधिकार. ते बजावतांना झालेल्या हयगयीबद्दल सरकारवर दावा चालत नाहीं, कारण १८६१ पासूनचा कायदा तसा आहे. दोनच वर्षांपूर्वीं, १९६२ मध्यें, सरकारी जीपखालीं सांपडून मेलेल्या पादचाऱ्याच्या कुटुंबाला याच न्यायालयानें राजस्थान सरकारकडून भरपाई मान्य केली होती. म्हणजे सरकारी मोटारीनें झालेल्या हानीची दाद होती, सरकारी कोठडींतून गेलेल्या सोन्याची नव्हती! सरन्यायाधीशांनाहि याचें समाधान वाटलें नाहीं. ही स्थिति विधिमंडळांनीं कायदा करून सुधारावी, जसें इंग्लंडनें केलें आहे, असें त्यांनीं त्याच निकालांत सुचविलें.

इंग्लंडनें काय केलें होतें? ज्या १९४७ सालीं मेरठचें सोनें गेलें, त्याच सालीं पार्लमेंटनें कायदा करून, सेवकांच्या चुकांसाठीं सरकारवर दावा लावण्याची वाट मोकळी केली. पोलिसांची बाब १९६४ च्या कायद्यानें मार्गी लागली: शिपायाच्या कर्तव्यांतील चुकीबद्दल त्याचा मुख्य अधिकारी उत्तरदायी, आणि भरपाई पोलीस-निधींतून. भारतांत विधि-आयोगानें १९५६ सालींच आपल्या पहिल्या अहवालांत अशा कायद्याची शिफारस केली होती. १९६५ मध्यें व पुन्हा १९६७ मध्यें संसदेंत विधेयक आलें. दोन्ही वेळां तें मंजूर न होतां रद्द झालें.

पोलिसांना संरक्षण हवें, असें म्हणणाऱ्यांचा पक्ष पोकळ नाहीं. दंगलींत, अंधारांत, क्षणार्धांत निर्णय घेणाऱ्या शिपायाला प्रत्येक पावलागणिक दिवाणी दाव्याची धास्ती वाटूं लागली, तर तो पाऊलच उचलणार नाहीं. आणि त्याचें नुकसान दुर्बळ नागरिकालाच सोसावें लागेल. परंतु हा युक्तिवाद शिपायाच्या बाजूचा आहे, सरकारच्या बाजूचा नाहीं. सरकारच्या तिजोरीला कसली धास्ती? मेरठच्या खटल्यांत तर शिपायावर दावा लावण्याचा हक्कहि निरर्थक होता, कारण शिपाईच हातीं नव्हता. तो असता, तरी त्याच्या पगारांतून शंभर तोळे सोनें वसूल झालें नसतें. शिपाई देऊं शकत नाहीं आणि सरकार देणें लागत नाहीं, अशी दोन्ही दारें लागलीं म्हणजे हक्क केवळ कागदावर उरतो.

तीं दारें पुढें किलकिलीं झालीं, पण कायदेमंडळाकडून नव्हे. १९६८ सालीं निर्दोष सुटूनहि चौदा वर्षें बिहारच्या तुरुंगांत राहिलेल्या एका माणसाला १९८३ मध्यें सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या न्यायपीठानें पस्तीस हजार रुपये देवविले. ओरिसांत पोलिसांच्या ताब्यांत मृत्यु पावलेल्या बावीस वर्षांच्या तरुणाच्या आईनें सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलें. १९९३ मध्यें तिला दीड लक्ष रुपये देण्याचा हुकूम झाला. मूलभूत हक्कांच्या भंगाबद्दल राज्यघटनेखालीं दाद मागतांना राजसत्तेच्या अधिकाराची ढाल सरकारला पुढें करतां येणार नाहीं, असें त्या निकालानें ठरविलें.

हा मोठाच पालट होय. तथापि तो न्यायाधीशांच्या विवेकावर उभा आहे. किती भरपाई, कोणत्या प्रसंगीं, हें सांगणारा सर्वसाधारण कायदा अद्याप झालेला नाहीं; आणि कस्तुरीलाल खटल्याचा निकाल बाजूस सारला गेला, तरी मोठ्या न्यायपीठानें तो स्पष्ट शब्दांत रद्द केलेला नाहीं. प्रामाणिकपणें चुकलेल्या शिपायाला कायद्यानें अवश्य सांभाळावें. पण ज्याच्या नांवानें तो शिपाई दार ठोठावतो, त्या सरकारनें नागरिकाचें देणें चुकवूं नये. १७५० च्या इंग्रजी कायद्याला जें उमगलें होतें, तें अडीचशें वर्षांनंतर येथें अवघड वाटण्याचें कारण नाहीं.