गोव्याच्या उंबरठ्यावरची रेडी

मुंबई-पुण्याहून सागरी मार्गाने गोव्याकडे निघालेल्या गाड्या वेंगुर्ला आणि शिरोडा मागे टाकतात, रेडीच्या वळणावर क्षणभर वेग कमी करतात आणि तेरेखोलच्या दिशेने निघून जातात. गाडीतल्या मंडळींनी पाटीवर ‘रेडी’ हे नाव वाचलेले असते, फार तर गणपतीच्या देवळापाशी थांबून नारळ वाढवलेला असतो. सिंधुदुर्ग हा १९९७ मध्ये देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. परंतु त्याच्या दक्षिण टोकावरचे हे गाव आजही बहुतेकांच्या लेखी गोव्याच्या वाटेवरचा एक टप्पाच आहे.

वास्तविक चांगले खाणे, जिवंत लोककला आणि पाहण्याजोगी घडण या तीन गोष्टींसाठी माणूस दूरदेशीची शहरे गाठतो. त्या तिन्ही गोष्टी रेडीत आणि रेडीपासून तास-दीड तासाच्या टापूत एकत्र मिळतात. रेडीला दोन-तीन दिवस मुक्कामी का जावे, याची ही काही कारणे.

एकाच दगडाची तीन रूपे

रेडी समजून घ्यायची तर आधी तिथला तांबडा जांभा दगड पाहावा. या दगडाचा गुणच विलक्षण आहे. जमिनीतून नुकताच काढलेला चिरा मऊ असतो, त्याला हवा तसा आकार देता येतो. हवा-ऊन लागले की तो कठीण होत जातो. त्यामुळेच कोकणातल्या माणसाने घर, गडगा, विहीर, देऊळ आणि किल्ला हे सारे याच दगडात बांधले. रेडीच्या जमिनीत या जांभ्याच्या सोबतीने लोहखनिजही आहे. विसाव्या शतकात इथे खाणी सुरू झाल्या आणि खनिज जहाजांत भरण्यासाठी बंदर वापरात आले.

याच खाणपट्ट्यात १८ एप्रिल १९७६ रोजी गणपतीची मूर्ती सापडली. खाणीवरील एका ट्रकचालकाला दृष्टांत झाला आणि त्याने दाखविलेल्या जागी खोदल्यावर मूर्ती मिळाली, अशी हकीकत गावात सांगितली जाते. सुमारे सहा फूट उंचीची, जांभ्या खडकात कोरलेली ही मूर्ती द्विभुज आहे. गणपती म्हटले की चार हात आणि हातांत पाश-अंकुश असेच रूप डोळ्यांपुढे येते. इथे मात्र एक हात आशीर्वादाचा, दुसऱ्या हातात मोदक, बस्स, इतकेच. पुढे काही दिवसांनी जवळच उंदराची मूर्तीही मिळाली. मूर्तीवर आज रंग चढविलेला असल्याने मूळ दगड दिसत नाही; पण बांध्यातील ठसठशीत साधेपणा लपत नाही. लोखंडासाठी उपसलेल्या भूमीतून गावाला देव मिळाला आणि खाणीच्या रस्त्याला तीर्थाचा रस्ता होण्याचे भाग्य लाभले.

दगडाचे तिसरे रूप म्हणजे रेडी खाडीच्या मुखाशी उभा असलेला यशवंतगड. विजापूरकर, शिवाजी महाराज, सावंतवाडीकर सावंत-भोसले आणि पोर्तुगीज अशा अनेकांनी या गडावर हक्क सांगितला. १७४६ मध्ये तो पोर्तुगिजांनी घेतला, पुढे तो पुन्हा सावंतांकडे आला आणि १८१९ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. दगडात खोदलेला खंदक, एकामागून एक येणारे दरवाजे, कमानी आणि छप्पर हरवलेल्या दालनांच्या भिंती आजही पाहता येतात. भिंतींवर झाडांनी मुळे पसरली आहेत. कुठे मुळांनी चिरा फोडला आहे, तर कुठे मुळांनीच भिंत सावरून धरली आहे. सकाळी लवकर जावे, पायांत बूट असावेत आणि गडावर पाण्याची बाटलीसुद्धा मागे ठेवू नये.

रेवतीद्वीपाची आठवण

किल्ल्याच्याही मागे जाणारा इतिहास या गावाला आहे. बदामीच्या चालुक्यांच्या लेखांत ‘रेवतीद्वीप’ नावाच्या ठाण्याचा उल्लेख येतो. चालुक्य राजा मंगलेश याने ते जिंकल्याचे इसवी सन ६३४ च्या ऐहोळे येथील शिलालेखात नमूद आहे. चालुक्यांचा सत्याश्रय ध्रुवराज इंद्रवर्मा हा अधिकारी या ठाण्यावरून कारभार पाहत असल्याचे सातव्या शतकाच्या आरंभीच्या एका ताम्रपटावरून कळते. हे रेवतीद्वीप म्हणजेच आजची रेडी, असे अभ्यासक मानतात. गडाच्या बुरुजावरून खाडी, समुद्र आणि पलीकडचे डोंगर दिसू लागले की, चौदाशे वर्षांपूर्वी हे ठाणे आपल्या हाती असावे असे राजांना का वाटले, हे सांगावे लागत नाही.

काय खावे?

कोकणी जेवणाला शहरांत ‘मालवणी’ नावाचे लेबल लागले आणि त्याबरोबर भरमसाट तिखट व लाल तवंग अशी त्याची ओळख झाली. रेडी-शिरोड्याकडच्या घरगुती जेवणात तिखटापेक्षा नेमकेपणाला महत्त्व आहे. बांगड्याच्या तिखल्याचे उदाहरण घ्या. त्यात मिरची, हळद, आमसूल आणि तिरफळ एवढेच मुख्य. तिरफळ हे काटेरी झाडाचे फळ. पावसाळ्याच्या उत्तरार्धात ते काढून वर्षभरासाठी सुकवतात. बांगडा, तारले, पेडवे अशा तेलकट मासळीच्या उग्रपणावर तोच उतारा. सुरमई किंवा सुंगटांच्या आमटीत मात्र जाणती गृहिणी तिरफळ घालणार नाही. कोणत्या मासळीला काय चालते, याचे हे शास्त्र कुठे लिहिलेले नाही. ते सासूकडून सुनेकडे जाते.

मासळी खायची तर ती कशी येते तेही पाहावे. किनाऱ्यावर पहाटे रापण ओढली जात असेल तर ती संधी चुकवू नये. होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडायचे आणि त्याची दोन टोके दोन्ही बाजूंनी माणसांनी किनाऱ्याकडे ओढायची, ही ती पद्धत. काम सामुदायिक, त्यामुळे मासळीची वाटणीही सामुदायिक. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत घरोघरी सुके बांगडे आणि सुकी सुंगटे निघतात. खोबरे, कांदा व आमसूल घालून केलेले सुंगटांचे किसमूर आणि पेज हे पावसाळ्यातले जेवण ज्याने जेवले, तो ताज्या पापलेटासाठी हटून बसत नाही.

शाकाहारी पाहुण्यानेही निराश होण्याचे कारण नाही. काळ्या वाटाण्याचे सांबार आणि आंबोळी, कुळथाची पिठी आणि भात, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे हे पदार्थ मासळीच्या सावलीत झाकले गेले आहेत, एवढेच. त्यांतला मानाचा पदार्थ म्हणजे ओल्या काजूगरांची उसळ. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ती मिळते. ओल्या काजूच्या सालीतला चीक हातांना भाजतो. एकेक बी विळीवर कापून गर अलगद काढावा लागतो आणि हे काम करणाऱ्या बायकांच्या बोटांवर त्याचे डाग उरतात. उसळ महाग का, असे विचारण्यापूर्वी ती बोटे पाहावीत.

यात एक गंमतही आहे. ज्या काजूशिवाय आणि मिरचीशिवाय आज हे जेवण कल्पिता येत नाही, ती दोन्ही अमेरिकेतून पोर्तुगिजांबरोबर या किनाऱ्यावर उतरली. परक्याचे वाण घेऊन त्याला आपल्या मातीची चव देणे, ही इथली जुनी सवय. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या ‘वेंगुर्ला’ नावाच्या जाती तयार केल्या. त्या आज कोकणभर लावल्या जातात.

दशावतार : रंगमंचावर आणि पत्त्यांवर

कार्तिकापासून देवळांच्या जत्रा सुरू होतात. रेडीची ग्रामदेवता श्री देवी माउली. आसपासच्या प्रत्येक गावाची अशीच एक जत्रा असते. देवदर्शन, खाजे-लाडवांची दुकाने, पालखी हे सारे आटोपले की मध्यरात्रीच्या सुमारास दशावताराला प्रारंभ होतो. पडदा एक, बाकडे एक, पखवाज, झांज आणि पायपेटी. आरंभी गणपती, मोरावरची सरस्वती, मग मालवणीत बोलणारा संकासूर. त्यानंतर मुख्य आख्यान, ज्याला संहिता नसते. मालकाने कथानक थोडक्यात सांगायचे आणि नटांनी संवाद रंगमंचावरच रचायचे. पुरुषच स्त्रीभूमिका करतात. रात्री राजा होणारा नट दिवसा शेतात किंवा होडीवर राबत असतो. पहाटे दहीकाल्याने सांगता होते.

वेंगुर्ले तालुका हा या कलेचा बालेकिल्ला. पार्सेकर, मोचेमाडकर, खानोलकर ही नावे इथल्या मंडळ्यांमुळे जिल्ह्याबाहेरही पोहोचली. २०२५ मध्ये दिलीप प्रभावळकरांच्या ‘दशावतार’ चित्रपटामुळे शहरी प्रेक्षकांचे लक्ष पुन्हा या कलेकडे वळले, ही समाधानाची बाब. तथापि चित्रपट पाहणे वेगळे आणि जानेवारीच्या थंडीत, घोंगडी पांघरून, गावकऱ्यांच्या मांडीला मांडी लावून खेळ पाहणे वेगळे. पाहताना एक पथ्य पाळावे : नटाच्या तोंडावर कॅमेऱ्याचा झोत मारू नये.

हेच दहा अवतार पुन्हा भेटतात ते सावंतवाडीत, गंजिफांवर. गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेले गोल पत्ते. खेळ मूळचा इराणकडचा. पण इथल्या चिताऱ्यांनी त्यावर विष्णूचे अवतार बसविले. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकी बारा, अशी १२० पाने असतात. चिंचोक्याची खळ, खडूची पूड आणि लाखेचा लेप देऊन पान तयार होते व त्यावर बारीक कुंचल्याने चित्र उतरते. ही कला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संपल्यात जमा होती. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यातच चिताऱ्यांना बसवून ती पुन्हा उभी केली. आजही राजवाड्यात हे काम पाहता येते. तेथून थोड्याच अंतरावर चितारआळीत लाकडी खेळणी आणि हुबेहूब फळे विकायला असतात.

ज्यांना आणखी थोडे पुढे जाणे शक्य असेल, त्यांनी कुडाळजवळचे पिंगुळी गाठावे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी आणि चामड्याच्या छायाबाहुल्या जपल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना या कार्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

शिरोडा, आरवली, तेरेखोल

रेडीला लागूनच शिरोडा. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात इथल्या शाळेत शिक्षक होते. पुढे ‘ययाति’साठी ज्ञानपीठ मिळविणाऱ्या या लेखकाची जडणघडण सुरूच्या बनात आणि मिठागरांच्या काठी झाली. याच मिठागरांवर मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. पलीकडच्या आरवलीत वेतोबाचे देऊळ. गावाची राखण करीत देव रात्रभर फिरतो आणि त्याची पायताणे झिजतात, या श्रद्धेने भाविक त्याला अजस्र चामडी वहाणा आणि केळ्यांचे घड वाहतात. जयवंत दळवी याच आरवलीचे. ‘सारे प्रवासी घडीचे’ वाचून आलेल्याला इथल्या पाणंदींमधून चालताना ओळखीची माणसे भेटल्यासारखे वाटते.

दक्षिणेला तेरेखोलचा किल्ला. तो गोव्याचा खरा, परंतु नदीच्या उत्तर तीरावर, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूला. सावंतांचा हा किल्ला १७४६ मध्येच पोर्तुगिजांकडे गेला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकविला होता. पुढे किल्ल्याचे हॉटेलात रूपांतर झाले. तटावरून नदीचे मुख आणि केरीचा किनारा फार सुंदर दिसतो.

पाहुण्यांची जबाबदारी

खनिज एकदा काढले की परत येत नाही. रेडीने हा अनुभव घेतला आहे. खाणींचे खड्डे आणि त्यांत साठलेले पाणी गावात पाहायला मिळते. तेजीच्या दिवसांत ट्रकांची रांग असते, मंदी आली की तरुण कामासाठी गोव्याची वाट धरतात. पर्यटनाकडे गाव आशेने पाहते ते याच कारणाने. पण पर्यटनही खाणीसारखेच चालविता येते : किनारा विकायचा, डोंगर कापायचा, चार वर्षे कमवायचे आणि मग पुढच्या गावाकडे वळायचे. त्याउलट रापण, तिरफळ, संकासूर, गंजिफा या गोष्टी वापरल्याने संपत नाहीत. वापरल्या नाहीत तरच संपतात. म्हणून घरगुती खाणावळीत जेवावे, खेळणे कारागिराकडूनच घ्यावे, दशावताराच्या मंडळीला यथाशक्ती बिदागी द्यावी. पाहुण्याच्या पैशांतून गावातल्या एखाद्या मुलाला कुंचला किंवा पखवाज हाती धरावासा वाटला, तर ती सहल सत्कारणी लागली म्हणायची.

कसे जाल, केव्हा जाल?

कोकण रेल्वेने सावंतवाडी रोड स्थानकावर उतरून सावंतवाडी किंवा शिरोडामार्गे रेडीला जाता येते. विमानाने यायचे झाल्यास जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला गोव्यातील मोपा विमानतळ सोयीचा. गोव्याकडून येणाऱ्यांना केरी-तेरेखोल फेरीबोटीचा पर्याय आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा जत्रांचा आणि सुखद हवेचा काळ. काजूगरांसाठी मार्च, आंब्यांसाठी मे. गणेशचतुर्थीला मुद्दाम या. घरोघरी गणपतीच्या डोक्यावर रानफुले, कवंडळे, नारळ आणि सुपाऱ्यांचे घोस बांधून सजविलेली माटवी टांगलेली असते. त्या आठवड्यात एखाद्या घरी बोलावणे आले, तर ‘नको’ म्हणू नका.