कुपवाडचे ‘आहे’

पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले आणि १९५०च्या दशकात तेथे भाषाशास्त्राचे उन्हाळी वर्ग भरू लागले. त्या काळात तेथे येऊन गेलेले जॉन गम्पर्झ यांनी रॉबर्ट विल्सन यांच्यासह सांगली जिल्ह्यातील कुपवाडच्या बोली अभ्यासल्या. निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. ‘हे तुमचे घर’ एवढ्यावर प्रमाण कन्नडचे वाक्य पुरे होते. कुपवाडची कन्नड मात्र मराठीसारखे ‘आहे’ जोडते. तेथील उर्दूनेही शेजारणींची वाक्यरचना उचलली. शब्द बहुतांशी ज्याचे त्याच्या घरचेच राहिले. सीमाभागात वाढलेल्या आम्हांला याचे नवल नाही. खंत एवढीच, की विद्यापीठात भाषाशास्त्र शिकणारी आमची मुले हे उंबऱ्यावरचे उदाहरण प्रथम इंग्रजी पाठ्यपुस्तकात वाचतात.