मणक्याला मार लागल्यावर पायाची हाडं होतात ठिसूळ. मोडलं तरी दुखत नाही, मग घरच्यांनी काय पाहायचं?

झाडावरून पडणे, विहिरीच्या कामावरचा अपघात, दुचाकीची धडक अशा कारणांनी मणक्याला जबर मार लागला, की आतल्या मज्जारज्जूला इजा होते आणि कमरेखालचं किंवा मानेखालचं अंग लुळं पडतं. पेशंट घरी आला की सगळ्यांचं लक्ष पाठीच्या जखमांवर आणि लघवीच्या नळीवर असतं. ते बरोबरच आहे. पण याच काळात पायांची हाडंही आतून झिजत असतात. हाड मोडेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही.

हाडं का झिजतात?

हाड जिवंत असतं. जुनं हाड थोडं थोडं विरघळतं आणि त्या जागी नवं भरलं जातं. चालताना पायावर भार येतो, स्नायू ओढले जातात, म्हणून हे भरणं चालू राहतं. पाय हलेनासे झाले की विरघळणं वाढतं आणि भरणं मागे पडतं. पेशंट २५ वर्षांचा तरणा असला तरी हे टळत नाही.

ही झीज पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होते आणि पहिल्या एक-दोन वर्षांत तिचा वेग सर्वांत जास्त असतो. मोठा फटका बसतो गुडघ्याच्या लगत वर आणि खाली असलेल्या हाडांना. तिथला एक तृतीयांश ते निम्मा कस दोन-तीन वर्षांत जाऊ शकतो. म्हणून खाटेवरून खुर्चीत बसवताना पाय अडकून पिरगळला, व्हीलचेअरवरून पेशंट घसरला किंवा आखडलेला गुडघा कुणी जोर लावून वाकवला, एवढ्यानेही हाड मोडतं.

मोडलेलं ओळखायचं कसं?

पायाला संवेदना नसेल तर पेशंट ‘दुखतंय’ म्हणणार नाही. त्यामुळे रोज अंघोळीच्या वेळी दोन्ही पाय शेजारी ठेवून नीट पाहावेत.

- एक पाय अचानक सुजला, लाल किंवा गरम लागला
- काळं-निळं पडलं, पाय वाकडा किंवा आखूड दिसू लागला
- हलवताना ‘कट्’ असा आवाज आला
- पायाचे झटके किंवा ताठरपणा एकाएकी वाढला
- कारण नसताना ताप आला

यातलं काहीही दिसलं तर पाय आहे तसाच मऊ उशीचा आधार देऊन ठेवावा आणि त्याच दिवशी एक्स-रे काढावा. तेल लावून मालिश करू नये, हाडवैद्याकडून ओढून घेऊ नये. अशी सूज पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्यानेही येते. मालिश केल्यास ती गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि ते जिवावर बेततं.

इजा मानेला किंवा छातीच्या वरच्या भागाला असेल तर आणखी एक धोका आहे. पाय मोडल्यावर वेदना कळत नाही, पण रक्तदाब एकदम चढतो, डोकं ठणकतं, तोंडावर घाम येतो. अशा वेळी पेशंटला बसतं करावं, लघवीची नळी तुंबली किंवा दुमडली आहे का ते पाहावं आणि लगेच १०८ ला फोन करावा.

प्लास्टर घालताना ‘पायाला संवेदना नाही’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. आतून भरपूर कापूस हवा. घट्ट प्लास्टरखाली जखम झाली तरी पेशंटला कळत नाही.

कॅल्शियमच्या गोळ्या मनाने नकोत

हाडं झिजतात म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून सुरू केल्या, असं अनेकदा होतं. पण सुरुवातीच्या महिन्यांत हाडातलं कॅल्शियम रक्तात आणि लघवीत उतरत असतं. त्यात गोळ्यांची भर पडली तर मुतखड्याचा धोका वाढू शकतो. मळमळ, उलट्या, खूप तहान, सुस्ती, बडबड अशी लक्षणं दिसली तर रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्यावं.

आहारातून मिळणारं कॅल्शियम मात्र बंद करू नये. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. दूध, दही, तीळ, शेवग्याचा पाला, काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळी यांतूनही ते मिळतं. डाळी, अंडी यांतलं प्रथिनही हवंच. मिश्री, तंबाखू, बिडी आणि दारू हाडांना मारक आहेत.

घरातच पडून राहिल्याने ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडतं. हातांवर थोडा वेळ ऊन घ्यावं, पण बधिर पाय कडक उन्हात किंवा तापलेल्या लोखंडी खुर्चीला टेकवू नयेत, भाजलेलं कळत नाही. रक्ततपासणी करून डॉक्टर सांगतील तेवढाच डोस घ्यावा.

रोजची काळजी

- उचलताना दोघांनी उचलावं. एकाने पाय गुडघ्याखालून सांभाळावेत. नुसता पाय धरून ओढू नये.
- खुर्चीत बसवण्याआधी ब्रेक लावावा. पाय पायटीवरच आहेत ना, ते पाहावं. खुर्चीचा पट्टा बांधावा.
- न्हाणीघर कोरडं ठेवावं, कमोडची खुर्ची वापरावी.
- सांध्यांचा व्यायाम रोज हवा, पण सावकाश. अडलं तिथे थांबावं.
- अनेक वर्षं बसून असलेल्या पेशंटला एकदम उभं करू नये. आधी हाडांची तपासणी करावी.

हाडांची घनता ‘डेक्सा’ तपासणीत कळते. फक्त कमरेच्या मणक्याचा आकडा पाहून निश्चिंत राहू नये, तो फसवा असू शकतो. खुबा आणि शक्य असेल तिथे गुडघ्याजवळची मोजणी करून घ्यावी. झीज रोखणारी इंजेक्शनं आणि गोळ्या आहेत; त्या देण्याआधी किडनी, दात आणि ‘ड’ जीवनसत्त्व तपासतात. काही इंजेक्शनं मध्येच बंद केली तर झीज उलट वेगाने होते. त्यामुळे तारीख चुकवू नये.

कुठे जायचं?

पहिली चौकशी जिल्हा रुग्णालयाच्या अस्थिरोग आणि फिजिओथेरपी विभागात करावी. मुंबईत हाजी अली इथे केंद्र सरकारची भौतिक उपचार व पुनर्वसन संस्था आहे. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून ठेवावं. व्हीलचेअरसारखी साधनं देणाऱ्या सरकारी योजनांसाठी ते लागतं.

झिजलेलं हाड पूर्ववत भरणं कठीण असतं. म्हणून पेशंटला दवाखान्यातून घरी सोडतानाच डॉक्टरांना विचारावं, ‘हाडांसाठी काय करायचं?’