आधीच टिक केलेला चौकोन

परवा आत्याचा फोन आला. "अरे, बसच्या तिकिटाबरोबर हा विमा कधी घेतला मी?" तिने घेतलाच नव्हता. पानावरच्या चौकोनात आधीपासून टिक होती, ती काढायची राहिली, एवढंच. मी तिला समजावलं खरं, पण मनातून ओशाळलो. काही वर्षांपूर्वी एका वेबसाईटसाठी असाच चौकोन मी स्वतः बनवला होता. एका ओळीचं काम!

आम्हा वेबवाल्यांना ही विद्या आली कुठून, याचा शोध घेतला की एक नाव हमखास भेटतं. बी. जे. फॉग. त्यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रयोगशाळा काढली. विषय होता, संगणक माणसाचं वागणं कसं बदलू शकतो. २००७ साली त्यांच्या वर्गातल्या ७५ विद्यार्थ्यांनी फेसबुकसाठी छोटी छोटी अ‍ॅप्स केली. दहा आठवड्यांत ती दीड कोटीहून अधिक लोकांपर्यंत गेली! २००९ मध्ये फॉग यांनी आपलं सूत्र मांडलं. इच्छा, सोपेपणा आणि वेळेवर मिळालेली खूण, हे तिन्ही एकत्र आले की माणूस ती गोष्ट करतो.

गंमत अशी, की वेळेवर औषध घ्यायची आठवण याच सूत्रावर चालते आणि माझा तो चौकोनही. आत्याला विमा नकोच होता, म्हणजे इच्छा शून्य. पण 'हो' म्हणायला काहीच करावं लागत नव्हतं. सोपेपणाची परिसीमाच म्हणा ना.

फॉग यांना हा धोका दिसत नव्हता असं नाही. त्यांच्या २००३ च्या पुस्तकात नीतीवर एक अख्खं प्रकरण आहे. आमच्यासारख्यांनी सूत्र तेवढं उचललं, ते प्रकरण राहून गेलं. २०१० मध्ये हॅरी ब्रिगनल यांनी असल्या फसव्या रचनांना 'डार्क पॅटर्न्स' हे नाव दिलं. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा तेरा प्रकारांवर बंदी घातली. आधीच टिक केलेला चौकोन त्या यादीत उदाहरण म्हणून चक्क लिहिलेला आहे.

हे सगळं आत्याला सांगितलं, माझ्या चौकोनासकट. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे तिकडे बसलेला तूच होतास की रे!"

हो आत्या, मीच.